धुडकूच्या नावाची मूठ

चक्की दोनदा धुऊन झाली तरी भागीरथीचं समाधान होईना. तिने पदर खोचला, पुन्हा आत हात घातला आणि दगडाच्या कडेला चिकटलेली बाजरीची भुकटी नखाने खरवडून चक्कीवाल्या काठियावाडी काकांच्या नाकासमोर धरली. काका बिचारे वैतागले नाहीत. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या शनिवारी सुरतेच्या डिंडोलीतल्या या खानदेशी बायका येतात, चक्कीचा ताबा घेतात आणि कानबाईच्या रोटांचं दळण होईपर्यंत दुसऱ्या कुणाचा दाणा आत पडू देत नाहीत, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. त्यांनी मुकाट्याने आणखी एक कोरडं फडकं काढून दिलं.

बाहेर ओट्यावर सरलाबाई गव्हाचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती आणि शेजारी सुंदरा. तिघी एकाच गल्लीतल्या. तिघींचे नवरे एकाच सुमाराला सुरतेत कापडाच्या लूमवर कामाला लागले होते, आणि गेली वीस-बावीस वर्षं तिघींनी एकमेकींची बाळंतपणं, आजारपणं आणि भांडणंही निस्तरली होती.

भागीरथीच्या आजच्या जादा उत्साहाला कारण होतं. ते सांगायचं तर आधी रोट काय ते सांगायला हवं. कानबाई ही खानदेशाची घरची देवी. तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, सोवळ्यात दळायचे, त्यांच्या पुरणपोळ्या करून रविवारी देवीला दाखवायच्या आणि मग त्या घरच्याच माणसांनी खायच्या. हे रोट. घरची माणसं म्हणजे एका कुळीची, भाऊबंदकीतली. शेजारीपाजारी आणि पाहुण्यांना खीर-पुरी मिळते, रोट मिळत नाही. लग्न होऊन सासरी गेलेली सख्खी लेकसुद्धा रोटाला परकी होते. आणि एकदा का दोन घरांनी एक रोट खाल्ला, की ती घरं भाऊबंद झाली. त्यांनी एकमेकांचं सुतक पाळायचं, आणि त्यांच्यात सोयरीक व्हायची नाही. सुरतेत प्लेगची साथ आली, त्या पलेगच्या साली गल्ली ओस पडली तेव्हा सुंदराच्या घराने आणि समोरच्या साक्रीवाल्यांनी एकमेकांना सांभाळलं, पुढच्या श्रावणात एका चुलीवर रोट केले, आणि तेव्हापासून त्यांची पोरं एकमेकांची बहीण-भावंडं झाली ती झालीच.

भागीरथीला मात्र कित्येक वर्षांत रोट मिळाला नव्हता. तिचा नवरा धुडकू काविळीने गेला. मागे मुलगा नाही, एकच तान्ही मुलगी धनश्री. गावाकडे दिराने पुढच्याच श्रावणात धुडकूच्या नावाची मूठ बंद केली. ज्याच्या घरात पुरुष उरला नाही त्याच्या नावाने गहू कशाला, असं म्हणाला म्हणे. भागीरथी तेव्हा रडली नाही. साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम घरी आणलं आणि कात्री चालवत राहिली. पण श्रावण आला की हातातली कात्री मध्येच थांबायची. माणूस जातो ते कळतं. त्याचं नाव गव्हावरूनही पुसलं जातं, हे तिला सोसलं नव्हतं.

आणि आज सकाळी सरलाबाईच्या घरी मुठी भरताना ते घडलं. सरलाबाईचा नवरा योगराज ओलेत्याने सुपापुढे बसला होता. स्वतःची, चेतनची, धाकट्याची, गावाकडच्या भावांची अशा मुठी घेऊन झाल्या. तो सूप उचलणार एवढ्यात सरलाबाई म्हणाली,

"थांबा. औंदा धुडकूभाऊना नावनी बी मूठ ल्या."

योगराजने एकदा बायकोकडे पाहिलं, मग गव्हात हात घातला आणि धुडकूचं नाव घेतलं. मोठ्याने घेतलं. भागीरथीला हुंदका आवरेना. ती सरलाबाईच्या गळ्यात पडली, आणि सरलाबाईही डोळे पुसत होती. दारात धनश्री हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. तिने ताट खाली ठेवलं आणि ती घरी निघून गेली. तिची कामं पडली असतील, असं भागीरथीने धरून चाललं.

एरवी भागीरथी इतकी भोळी नव्हती. भाजीवाल्याला ती आतबाहेरून ओळखायची. पण माणूस ज्या गोष्टीला वर्षानुवर्षं तरसलेला असतो ती कुणी आपणहून ओंजळीत टाकली, की त्यामागे काय आहे ते बघायची त्याला शुद्ध राहत नाही. मेलेल्या मित्राचं नाव देवीपुढे घेतलं, एवढाच तिने त्याचा अर्थ लावला. त्यातून आणखी काही निघतं, हे तिच्या मनाला शिवलंच नाही.

आणि शिवायला हवं होतं. कारण सरलाबाईचा चेतन आणि भागीरथीची धनश्री यांचं ठरलेलं होतं. कागदावर नव्हे, सुपारी फोडूनही नव्हे, पण सगळ्या गल्लीला माहीत होतं. पोरं लहान होती तेव्हाच सरलाबाईने शब्द टाकला होता. दर श्रावणात खीर-पुरीचं ताट भागीरथीच्या पुढ्यात ठेवताना ती हसून म्हणायची, तुला रोट द्यायचा नाही बाई, सोयरी होणार तू. तुझी लेक सून होऊन आली की ती खाईल पोटभर. रोट न देणं हाच तो शब्द होता. दरवर्षी तो असा पाळला जायचा आणि भागीरथी ती कोरडी पुरी मोठ्या सुखाने खायची. उन्हाळ्यात कामरेजहून एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा वर्कशॉपमध्ये कामाला, घर स्वतःचं. भागीरथीने हात जोडून परत पाठवलं. आमची मुलगी दिलेली आहे, म्हणाली.

दळण घरी पोचवून तिघी दुपारी चौटा बाजारात निघाल्या. लूमला उद्याची सुट्टी, त्यामुळे रिक्षात पाय ठेवायला जागा नव्हती. सरलाबाईने आज हात सैल सोडला होता. देवीला खण घेतला, आरसा-फणी घेतली, हिरव्या बांगड्या घेतल्या. मग त्याच दुकानात धनश्रीसाठी लाल बांगड्या घ्यायला लागली. भागीरथी नको नको म्हणत राहिली, आणि नको म्हणताना मनात फुगत राहिली. पुढच्या दुकानात सरलाबाईने एक भारी साडी उलटीपालटी केली, पदर दुकानदाराकडून पुरता उलगडून घेतला आणि बांधून दे म्हणाली. कुणासाठी ते तिने सांगितलं नाही. भागीरथीने विचारलं नाही. असल्या साड्या कुणासाठी घेतात ते काय विचारायचं असतं?

सुंदरा मात्र आज गप्प होती. ही बाई म्हणजे तोंडाचा पट्टा. बाजारात निघालं की भागीरथीला आतापासूनच सरलाबाईची विहीण ठरवून इहीनबाई, इहीनबाई म्हणून भंडावून सोडायची, बस कंडक्टरपासून कांदेवाल्यापर्यंत सगळ्यांना लग्नाला बोलवायची. आज लाल बांगड्या बघून तिने मान दुसरीकडे वळवली. भागीरथीने डोकं दुखतंय का म्हणून विचारलं. सुंदरा हो म्हणाली.

एका टपरीवर सरलाबाईने तिघींसाठी लोचो सांगितला, वर शेव आणि कांदा भरपूर घालायला लावला. उभ्या उभ्या खाताना भागीरथीने विषय काढला. तुळशीचं लग्न झालं की लगेच उरकावं, गावाकडून माणसं आणायचा खर्च नको, इथंच डिंडोलीत मांडव घालू, असं ती बरंच काही बोलली. सरलाबाई खाली बघून खात होती. मध्येच तिने टपरीवाल्याकडे आणखी तेल मागितलं. मग म्हणाली, आधी देवीचं होऊ दे माय. बरोबर होतं. देवीच्या आधी लग्नाचं बोलणं भागीरथीलाच बरं वाटेना.

निघता निघता भागीरथीने दोघींना थांबवलं आणि एक शर्टपीस मापून घेतलं. फिकट निळं कापड, बारीक रेघेचं. चेतनला निळं खुलायचं. सरलाबाई म्हणाली, "इतला खर्च कसाले वं?" आणि तिचा आवाज जरा चिरकला. भागीरथीला वाटलं, मायेने.

संध्याकाळी रिक्षा थांबते तिथे चेतन पिशव्या घ्यायला आला होता. भागीरथीने शर्टपीस तिथेच त्याच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं, खाली पाहिलं, पुन्हा तिच्या हातात द्यायला गेला. मावशी, राहू द्या ना, असं काहीतरी पुटपुटला. लाजतोय झालं, असं म्हणून तिने त्याच्या पाठीवर थाप मारली. या पोराला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. त्याची थट्टा करायचा तिला हक्क होता, आणि तो तिने भर रस्त्यात पुरेपूर वापरला.

रविवारी सरलाबाईच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. कानबाईच्या नारळाला डोळे लागले, नथ चढली, खणाचा पदर आला. भागीरथी विधवा, म्हणून पाटापर्यंत गेली नाही, पण चुलीपुढची सत्ता तिची होती. पुरण तिनेच वाटलं, गंगाफळाची भाजी तिनेच फोडणीला घातली, आणि बायकांनी गाणी म्हणायला घेतली की आतूनच वरच्या पट्टीत सूर लावायची. धुडकूच्या मुठीचं पीठही यातच मळलंय, हे तिला राहून राहून आठवायचं आणि हात आणखी हलका व्हायचा.

उन्हं कलली तेव्हा बारडोलीहून पाहुणे आले. पांढऱ्या पँटीतला एक पोक्त माणूस आणि त्याची म्हातारी आई. माणूस साखर कारखान्यात मुकादम आहे, असं कुणीतरी म्हणालं. ओळखीचे असतील योगराजच्या, असं समजून भागीरथीने त्यांना चहा पाठवला.

आरती झाली. भाऊबंदांची पंगत बसली. भागीरथी आत पानं मोजून देत होती, तेवढ्यात सरलाबाईने तिचा हात धरला आणि तिला पंगतीतच आणून बसवलं. शेजारच्या पाटावर धनश्रीला बसवलं. पुढ्यात रोट पडला. भागीरथी गोंधळली. म्हणाली, "मन्हं चालंल का वं?"

"मूठ लिधी ना तुन्हा मालकनी? मंग चालंल कसं नही?" सरलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "खा. देवीना रोट शे. नही म्हनू नको."

देवीच्या रोटाला नाही म्हणायची कुणाची छाती? चार बायका कौतुकाने बघत होत्या. भागीरथीला क्षणभर काहीतरी टोचलं, पण काय ते हाताला लागेना. तिने धनश्रीकडे पाहिलं. धनश्री ताटाकडे बघत नव्हती. ती समोर, पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या चेतनकडे बघत होती. बघणं कसलं, डोळे रोखले होते तिने. चेतनने तांब्या या हातातून त्या हातात घेतला. मग धनश्रीने रोटाचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि त्याच्याकडे बघत बघतच खाल्ला. पुरा रोट खाल्ला, पानावर कण ठेवला नाही.

चेतन पाणी वाढत भागीरथीपाशी आला आणि म्हणाला, "काकू, पाणी घ्या."

काकू? आयुष्यभर मावशी म्हणणाऱ्या पोराच्या तोंडून तो शब्द असा आला, जसा कुणी घोकून घ्यायला लावला असावा. भागीरथीचा घास तोंडात फिरायला लागला. तरी तिने तो गिळला.

मग पाहुण्यांची पंगत बसली. आता घरची म्हणून भागीरथीच वाढायला उभी राहिली. खीर, पुरी, भाजी. म्हातारी मोठी बोलकी होती. पानाकडे बघून म्हणाली, घरभर पुरणाचा वास सुटलाय आणि आमच्या पानात कोरडी पुरी? दाखवायला तरी एक रोट आणा. बायका हसल्या. सरलाबाईही हसली, आणि हसता हसता म्हणाली,

"तुम्हले रोट देवाव नही, माय. सोयरा व्हनार तुम्ही."

भागीरथीच्या हातात पुऱ्यांची टोपली होती. ती तशीच उभी राहिली. तेच वाक्य होतं. तेच हसणं होतं. जिथे ती इतकी वर्षं बसली त्याच भिंतीला टेकून म्हातारी बसली होती, आणि तीच खीर-पुरी खात होती. कालची मूठ, लाल बांगड्या, भारी साडी, सुंदराचं दुखणारं डोकं, सगळं एकदम तिच्या डोक्यात शिरलं. रोट खाऊन आपण भाऊबंद झालो. धनश्री चेतनची बहीण झाली. आता कुणी कुणाला शब्द मोडलास असं म्हणायला नको, भांडायला नको, गल्लीत तमाशा नको. देवीनेच मोडलं. आणि मोडलं तेही असं, की चार जणींच्या देखत भागीरथीने आपल्या हाताने घास तोंडात घातला.

तिने पंगतीला दोन-दोन पुऱ्या वाढल्या, टोपली खाली ठेवली आणि मागच्या मोरीत गेली.

सरलाबाई तिच्या मागोमाग आली. बहुधा तिला यावंच लागलं. भागीरथी खरकटी ताटं घासायला बसली होती. सरलाबाईच आधी सांगायला लागली, भराभर, श्वास न घेता. योगराज कामाला आहे ते लूमचं खातं बंद पडायच्या बेतात आहे. धाकट्याची शाळा आहे. मुकादम चेतनला कारखान्यात चिकटवून देणार आहे, कायमचा. पोरगी एकटीच आहे त्याला. पोरालाही पटलंय. मी तरी काय करू, आई आहे मी त्याची. आणि तुला काही लांब केलं नाही ना, उलट जवळच घेतलं. आजपासून धनश्रीला भाऊ आहेत, माहेर आहे.

भागीरथीने ताट बाजूला ठेवलं. तिचा आवाज चढला नाही.

"लगीन मोडनं व्हतं तर तोंडवर सांगती. मी काय तुन्हा पाय धरती का? रडती दोन दिन, गप बसती. पन त्यामा मन्हा मालकनं नाव कसाले लिधं?"

सरलाबाईने तोंडाला पदर लावला. "तोंडवर सांगाले मन्ही जीभ नही उचलनी. म्हनीसन मूठ लिधी."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच जास्त लागलं. भागीरथीने तिचं रडणं पाहिलं. तेही खोटं नव्हतं. पलेगच्या साली धनश्रीला ताप भरला तेव्हा सगळी गल्ली स्टेशनकडे पळत सुटली होती. हीच सरलाबाई आपलं बोचकं उतरवून परत फिरली होती आणि पोरीच्या उशाशी बसून राहिली होती. त्या सरलाबाईचा राग करावा तर ही समोर उभी. हिचा राग करावा तर ती आठवते. भागीरथीला वाटलं, शत्रूने केलं असतं तर किती सोपं झालं असतं. ती उरलेली ताटं घासत राहिली, कारण अजून एक पंगत बसायची होती आणि ताटं कमी होती.

ओट्यावर म्हातारी एकटीच वाऱ्याला बसली होती. भागीरथी बाहेर पडली तशी तिने हाक मारून जवळ बसवलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती हळू आवाजात बोलायला लागली. आमची जयश्री आईवेगळी, म्हणाली. जन्मल्यापासून माझ्याच पदराखाली वाढली. बाप कारखान्यात, त्याला बायकांतलं काय कळणार. बाहेरच्याला विचारावं तर कुणी खरं सांगत नाही. तुम्ही भाऊबंद, एका रोटाच्या.

"म्हनीसन तुम्हले इचारस. ही बाई मन्ही पोरले जीव लावी का?"

भागीरथीच्या तोंडात काय काय आलं. एक वाक्य बोलायचा अवकाश होता. शब्दाला जागत नाही ही बाई, एवढं म्हटलं असतं तरी म्हातारीने उद्याच मुलाला माघारी वळवलं असतं. आणि ते खोटंही ठरलं नसतं. आत सरलाबाईची सावली दाराशी येऊन थांबली होती. ती पुढे आली नाही. भागीरथीला कळलं की तिने प्रश्न ऐकलाय, आणि ती भिंतीला धरून उभी आहे.

मुलगी आईवेगळी होती. न पाहिलेल्या त्या मुलीचं काय चुकलं होतं?

"लावी," भागीरथी म्हणाली. "जीव लावाले ती कमी नही पडाव."

म्हातारीने तिच्या हातावर हात ठेवला आणि देवीच्या नावाने डोळे मिटले. दाराशी उभी असलेली सावली हलली नाही. भागीरथी उठली, चपला पायात घातल्या आणि दिवेलागणीला घरी गेली.

सोमवारी सकाळी कानबाई तापीवर जायला निघाली. गल्लीत ढोल वाजत होते, बायका फुगड्या घालत होत्या. भाऊबंदांनी देवीबरोबर चालायचं असतं. सुंदरा बोलवायला येऊन गेली. दारातच उभी राहिली, म्हणाली, मला आठ दिवसांपासून माहीत होतं बहीण, माझ्याच्याने सांगवलं नाही. भागीरथीने तिला आत ये म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. सुंदरा थोडा वेळ उभी राहून गेली.

घरात धनश्री साड्यांचा गठ्ठा सोडून बसली होती. दुपारी माल न्यायला टेम्पो यायचा होता. ती एकेक साडी मांडीवर घेऊन उलट्या बाजूचे धागे कापत होती. रात्रभर मायलेकी या विषयावर बोलल्या नव्हत्या. धनश्री बोलायचीच कमी. शाळेत गुजरातीत, मैत्रिणींशी हिंदीत, घरात जे सुचेल त्यात, आणि महत्त्वाचं काही असलं की कशातच नाही.

भागीरथी तिच्यासमोर बसली. शेवटी तिनेच विचारलं, तुला कधी कळलं?

"सकाळीच. मूठ भरली तेव्हा."

"शनिवारी?"

धनश्रीने मान हलवली.

म्हणजे ताट खाली ठेवून पोर निघून गेली ती तेव्हाच. म्हणजे आपण बाजारात शर्टपीसचे रंग बघत होतो, भर रस्त्यात जावयाची थट्टा करत होतो, तेव्हा ही घरात एकटी सगळं गिळून बसली होती. आणि दुसऱ्या दिवशी केस विंचरून, नीट साडी नेसून त्या पंगतीत येऊन बसली.

"मंग उठी जाती," भागीरथी म्हणाली. तिचा आवाज आता फुटला. "माले सांगती. देवी काय खाऊन टाकती का आपल्याले? कसाले खादा तो रोट?"

ढोल दारावरून पुढे गेले. धनश्रीने धागा कापला, साडी पुढे ओढली, दुसरा धागा शोधला.

"पप्पांच्या नावाचा होता," ती म्हणाली. "मी कधी खाल्ला नव्हता."

धनश्री खाली मान घालून काम करत राहिली. थोड्या वेळाने भागीरथीच्या लक्षात आलं की कात्री चाललीये पण धागा कापला जात नाहीये, नुसती हवेत उघडमीट होतेय. आणि मांडीवरच्या साडीवर दोन ओले ठिपके पडलेत. तिने हात पुढे करून पोरीच्या बोटांतून कात्री हळूच सोडवून घेतली.

"दे इकडे," ती म्हणाली. "माल परक्याचा शे, डाग पडी जाई."

धनश्रीने साडी सोडली. भागीरथीने ती आपल्या मांडीवर घेतली, ओली जागा पदराने टिपली आणि पुढचा धागा कापला.